फायनलचा रुमाल

"मास्तर, यंदा रुमालानं भागणार नाही. चादर धुवायला टाका!"

फिर्मां द्युपुईनं भिंतीवरून डोकं काढून आरोळी दिली. पलीकडे आन्सेल्म मास्तर कांद्याच्या वाफ्यात उकिडवे बसून खुरपत होते. त्यांनी मान वर केली नाही. फिर्मां शाळेत असताना त्यांनी त्याचा कान इतक्यांदा पिरगळला होता, की आता त्याच्याकडे बघण्याचे कष्ट घ्यायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"बोल," ते म्हणाले. "तोंड उघडलंच आहेस तर पूर्ण रिकामं कर."

फिर्मां गावातला प्लंबर. गळके नळ आणि गळकी माणसं, दोन्ही त्याला लांबून ओळखू येत. नळ तो दुरुस्त करायचा, माणसांची टिंगल करायचा. आणि आमच्या अख्ख्या पुयलोबां गावात मास्तरांइतकं गळकं दुसरं कोणी नव्हतं. सत्त्याऐंशीची रग्बी वर्ल्डकपची फायनल हरलो तेव्हा मास्तर मायतेच्या कॅफेत सगळ्यांदेखत रडले. नव्याण्णवची हरलो तेव्हाही रडले, त्याच खुर्चीवर, लाल चौकड्यांच्या त्याच भल्यामोठ्या रुमालात नाक खुपसून. तेव्हापासून एकही लग्न, एकही बारसं असं गेलं नव्हतं की फिर्मांनं टेबलावरचा नॅपकिन तोंडाला लावून मास्तरांची नक्कल केली नाही. लोक पोट धरून हसायचे. आणि हसता हसता मनात म्हणायचे, बरं झालं, आज आपला नंबर नाही लागला.

फिर्मांची सगळी पत त्यावरच होती. त्याला कशाचं काही वाटत नाही, हे गावाला माहीत होतं. बायको सोडून गेली तेव्हासुद्धा त्यानं तिच्या सुटकेसाला नवीन चाक लावून दिलं होतं.

"मी यंदा रडणार नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही? राष्ट्रगीताला नुसतं बिगूल वाजलं की तुमची टाकी फुटते!"

"आणि तुझी?"

"माझी? ह्या दिवट्यांसाठी?" फिर्मां भिंतीवर कोपर टेकून फुरफुरला. "अहो, टोंगासारख्या टिकलीएवढ्या बेटांकडून मार खाऊन आलीय ही टीम! सेमीफायनलला वेल्सचा गडी रेफरीनं बाहेर काढला, समोर चौदाच उरले, तरी आपले एका पॉइंटच्या आघाडीवर जीव मुठीत धरून बसले होते. मायतेच्या कॅफेतल्या खुर्च्या मैदानात उभ्या केल्या असत्या तरी ह्यांच्यापेक्षा जास्त पळाल्या असत्या. ह्यांच्यासाठी मी नाकसुद्धा शिंकरणार नाही."

"मग लाव पैज."

"कशाची?"

"ज्याच्या डोळ्यांत आधी पाणी, तो हरला. त्यानं मॅच संपल्या संपल्या बाजारात कारंज्याच्या कठड्यावर चढायचं." मास्तरांनी खुरपं झटकलं. "लास्त्रादची जर्सी घालून. आणि लास्त्रादचा जयजयकार करायचा. तीनदा."

लास्त्राद म्हणजे पुलापलीकडचं गाव. आमच्याकडली पोरगी लास्त्रादला दिली तर लोक लग्नाला जातात, पण खाली मान घालून जेवतात. दोन गावांची मॅच असली की डॉक्टर सकाळीच दवाखाना उघडून बसतो. त्यांची ती पिवळी-हिरवी जर्सी अंगात घालणं म्हणजे... आमच्याकडे त्याला उपमाच नाही, कारण अजून कोणी घातलेलीच नव्हती.

"जर्सी मी आणतो," फिर्मां दात काढत म्हणाला. "तुमच्या मापाची."

आणि खरंच आणली. लास्त्रादला एका न्हाणीघराचं काम करून बदल्यात मागून आणली. मास्तर काडीसारखे, म्हणून मुद्दाम लहानातली लहान शोधली. मापाचं कारण काढून म्हातारा निसटायला नको.

एवढ्यावर थांबला तर तो फिर्मां कसला! मास्तरांची एक रीत होती. फायनलच्या आदल्या दिवशी तो चौकड्यांचा रुमाल धुऊन अंगणात दोरीवर वाळत घालायचा. देवळात जायच्या आधी लोक बूट पुसतात तसं. शनिवारी दुपारी मास्तर डुलकी काढत होते, तेव्हा फिर्मां भिंत ओलांडून आला. बास्क मुलखातली लाल मिरचीपूड त्यानं वाटीभर पाण्यात कालवून आणली होती. ती मिरची जिभेला गरीब, डोळ्यांना राक्षस. लाल चौकड्यांवर त्यानं ते पाणी बोटांनी निवांत टिपलं. वाळल्यावर डाग दिसेना, लांबून वास येईना. म्हातारा सवयीनं रुमाल डोळ्यांकडे नेणार, आणि मग बघा कारंजं! त्या रात्री फिर्मां अंथरुणात एकटाच खिंकाळला.

रविवारी आमचा बाजार. मॅच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून आमच्याकडे सकाळीच. त्यामुळे बाजारात गिऱ्हाईकं कमी आणि कोंबड्या जास्त होत्या. विकणारे, घेणारे सगळे मायतेच्या कॅफेत कोंबले होते. बदकं विकणारा बाझील सासूला ठेल्यावर बसवून आला होता. मायते काउंटरमागून सगळ्यांना दटावत होती. बोलायला लागली तर नदीपलीकडे ऐकू जाईल असा बाईचा आवाज.

मास्तर आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसले. रुमाल घडी करून समोर टेबलावर ठेवला. फिर्मां शेजारीच खुर्ची ओढून बसला, जर्सीची पिशवी मांडीवर घेऊन.

राष्ट्रगीत झालं. मास्तर कोरडे.

काळ्या जर्सीवाल्या यजमानांनी मॅचआधीचा त्यांचा तो लढाईचा नाच सुरू केला, मांड्या थोपटत, जिभा काढत. तेव्हा आपले पांढरे हातात हात धरून बाणासारखी रांग करून सरळ त्यांच्या अंगावर चालत गेले.

"चालताहेत बघा," फिर्मां म्हणाला. "चालायला येतं ह्यांना. पळायचं आलं की बोंब."

"गप रे!" बाझील खेकसला.

पहिली ट्राय काळ्यांनी मारली, चेंडू रेषेपलीकडे टेकवून पाच पॉइंट. हाफटाइमला ते पुढे होते आणि फिर्मां रंगात आला होता. "त्या विंगवरच्या पोराला कोणीतरी सांगा, चेंडू चावत नाही. आणि हा बघा, केस नीट करतोय. जाहिरातीत घ्या ह्याला, शांपूच्या! स्क्रमच्या रेटारेटीत जातोय की सलूनमध्ये?" लोक हसले, पण उसनं. मास्तर ढिम्म.

काळ्यांनी आणखी तीन पॉइंटची पेनल्टी मारली. आणि मग काय झालं कोण जाणे. त्याच दिवट्यांनी, त्याच शांपूवाल्यांनी चेंडू धरला तो सोडलाच नाही. रेटत, पडत, उठत, खांबांच्या मधोमध जाऊन आपटले. ट्राय! वरची दोन पॉइंटची किकही गेली. आता एकाच पॉइंटचा फरक! कॅफेतली टेबलं हलली. बाझीलनं सासूच्या नावानं आरोळी ठोकली, का ते त्यालाही कळलं नाही.

"एक पॉइंट," फिर्मां पुटपुटला. त्यानं पिशवी खाली ठेवली.

नंतर लांबून एक पेनल्टी मिळाली. गेली असती तर आपण पुढे. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. त्यानंतर पांढरे नुसते धडका देत राहिले. काळी भिंत हलेना. त्यांच्याच गावात, त्यांच्याच चिखलात, टोंगाकडून मार खाल्लेली ही पोरं जगातल्या सगळ्यात दांडग्या टीमला घड्याळाकडे बघायला लावत होती. शिट्टी वाजली. काळे नाचायला लागले. आपला कॅप्टन कमरेवर हात ठेवून उभा होता. कुठेच बघत नव्हता.

कॅफेत कॉफीचं मशीन तेवढं सुस्कारे टाकत होतं.

"हं," शेजारून मास्तरांचा आवाज आला. शेजारून हातात एक मऊ घडी आली. फिर्मांनं ती घेतली आणि डोळ्यांवर दाबली.

मग तो किंचाळला.

खुर्ची उलटली, तो टेबलावर आदळला, तिथून काउंटरवर. "पाणी! मायते, पाणी!" मायतेनं बर्फाचं अख्खं भांडं त्याच्या तोंडावर रिकामं केलं. त्यानं डोळे किलकिले करून बघितलं तेव्हा अख्खा कॅफे त्याच्याभोवती गोल करून उभा होता, आणि मास्तर, कोरडे ठणठणीत मास्तर, जर्सीची पिशवी हातात धरून.

"फिर्मां रडला," बाझील म्हणाला. काहीतरी पवित्र बघितल्यासारखा.

"रडला? हॅ!" फिर्मां भिजलेल्या मिशा झटकत म्हणाला. आता इलाज नव्हता. लबाड म्हणतील, म्हणोत. लबाड तर तो जन्मापासूनच होता. रडवा म्हटलं तर मात्र संपलं. "अरे बैलांनो, ह्या रुमालाला मिरची लावलीय! मीच लावली, काल, ह्यांच्या दोरीवर! वास घेऊन बघा! मिरचीचं पाणी आहे हे, त्या दिवट्यांसाठी नाही!"

बाझीलनं वास घेतला आणि शिंकला. "लावलीय खरी."

लोक हसायला लागले. फिर्मांच्या जिवात जीव आला. आता तोही हसायला लागला, लालबुंद, गळका, पण हसरा. "म्हाताऱ्याला फसवायला गेलो, मीच फसलो. झालं! पैज बाद. मायते, सगळ्यांना एकेक ग्लास!"

मायतेनं बाटलीला हात लावला नाही. तिनं दोन्ही कोपरं काउंटरवर टेकली.

"फिर्मां, मिरची तू लावलीस?"

"मीच!"

"कुठल्या रुमालाला लावलीस ते तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय! अख्ख्या गावात असा एकच रुमाल आहे."

"मग मला एक सांग बाबा. स्वतः मिरची लावलेला रुमाल, लाल चौकड्यांचा, टेबलक्लॉथएवढा, हातात आल्यावर तुला ओळखू कसा आला नाही?"

फिर्मांनं तोंड उघडलं.

"आणि डोळ्यांना काही झालंच नव्हतं," मायतेचा आवाज आता बाजारात पोचत होता, "तर पुसायला काय गेला होतास?"

फिर्मांनं तोंड मिटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा गावानं ते मिटलेलं बघितलं.

"मला रुमालाचं ठाऊक नव्हतं हं," मास्तर म्हणाले. "मी शेजारी बघितलं, तर ह्याच्या मिशीवरून टपटप चाललेलं. मला दया आली." त्यांनी 'दया' हा शब्द असा उच्चारला, की वर्गात शून्य मार्क मिळाल्यावरसुद्धा फिर्मांला इतकं खाली उतरल्यासारखं वाटलं नव्हतं.

"आणि तुम्ही का नाही रडलात?" तो चिरक्या आवाजात म्हणाला.

"मी घाण खेळाला रडतो. आज कशाला रडू?"

मग वरात निघाली. बदकांच्या ठेल्यावरून, चीजवाल्यासमोरून, थेट कारंज्यापर्यंत. लहानातली लहान जर्सी फिर्मांच्या डोक्यातून गेली, खांद्यांवर अडली, बाझीलनं गुडघा लावून ओढली तेव्हा बगलेत टर्रकन उसवली आणि बेंबीच्या वर येऊन थांबली. खाली फिर्मांचं पोट, पांढरं, केसाळ, उघड्यावर. बाझीलची सासू म्हणाली, ह्यापेक्षा माझी सोललेली बदकं देखणी.

तो कठड्यावर चढला. डोळे टोमॅटो झालेले.

"लास्त्रादचा विजय असो!"

"मागच्यांना ऐकू येत नाही!" कोणीतरी ओरडलं. मागच्या बाजूला दोन लग्नांतली आणि एका बारशातली माणसं उभी होती, ज्यांच्या नकला फिर्मांनं केल्या होत्या. त्यांना उत्तम ऐकू येत होतं.

"लास्त्रादचा विजय असो!"

कारंज्यापाशीच लास्त्रादचा कांदेवाला दर रविवारी ठेला लावतो. त्यानं तोंडातली विडी काढली, वर नखशिखांत बघितलं, उसवलेली बगल बघितली, पोट बघितलं.

"उतरवा रे ह्याला," तो म्हणाला. "असला पाठीराखा आमच्या गावाला नको."

"तिसरी राहिलीय!" मास्तर शाळेतल्या आवाजात म्हणाले. रुमालाची त्यांनी पुन्हा नीट घडी घातली होती आणि तो कठड्याकडे पुढे करून ते उभे होते, अगदी अदबीनं.

फिर्मांनं रुमालाकडे बघितलं, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि तिसऱ्यांदा ओरडला.