वाकायची खिडकी

या, अशा जवळ सरकून बसा. पाय मोकळे सोडा, पण मन इकडे द्या. एका हट्टी पोरीची गोष्ट सांगते.

पोर कॉलेजात शिकत होती आणि पेन्शनच्या सरकारी कचेरीत शिकाऊ म्हणून काम करत होती. साहेबांचा शेरा चांगला पडला तर तिथेच कायम होणार होती. शिवणकाम करून तिला वाढवणारी आई त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेली. कचेरीतले तिला मिरची म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे.

कचेरीच्या खिडकीला काच होती आणि बोलायचं भोक पार खाली, टेबलाच्या उंचीवर. आतला कारकून खुर्चीत ऐसपैस. बाहेरची म्हातारी माणसं कमरेत वाकून भोकाला तोंड लावायची. जो वाकला नाही त्याचं ऐकूच येत नसे. कारकून "पुढचा" म्हणून मोकळा.

एकदा कमरेला पट्टा बांधलेल्या एका आजींची पाळी अशीच गेली. मिरचीने आपली खुर्ची उचलून बाहेर नेली, आजींना बसवलं आणि उभ्याउभ्याच त्यांचं काम हातात घेतलं. बघता बघता सगळी रांग तिच्याभोवती गोळा झाली.

साहेब तणतणत आले. खुर्ची आत गेली नाही तर उद्यापासून यायचं नाही, म्हणाले. मिरचीच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली. तरी ती म्हणाली,

"साहेब, तुम्ही एकदा बाहेरून बोलून बघा. मग नेते खुर्ची."

साहेब काही वाकले नाहीत. मिरचीची नोकरी गेली.

घरी आई डोक्याला हात लावून बसली, मग यथेच्छ तोंडसुख घेतलं, मग मुकाट्याने ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा कचेरीत हजर, पण रांगेत, काम अर्धवट राहिलेल्या त्याच आजींच्या मागे. आजी खिडकीशी ताठ उभ्या. वाका की जरा, म्हणून कारकून खेकसला.

"देवापुढे वाकते बाबा मी, ते माझ्या मर्जीने. तू ये बाहेर."

मागेही कोणी वाकेना, कोणी हलेना. शेवटी कारकून कुरकुरत दार उघडून बाहेर आला.

मिरचीच्या जागी आलेली नवी मुलगी दारात घुटमळत होती. ताई, मी कसं वागू, असं तिने हळूच विचारलं.

"जीव लावून काम कर. पण नोकरी जाईल म्हणून कुणाला वाकवू नकोस. माझी गेली; बघ, उभी आहे मी."

ती नोकरी तिला परत मिळाली नाही, हे लपवत नाही. तेव्हा मंडळी, देवापुढे आपल्या मर्जीने हात जोडाल तेव्हा, कुणाला वाकवायला तयार न झालेल्या त्या पोरीची आठवण ठेवा.