पहिल्या घाण्याचा वास

लोखंडाला वासातलं काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. पण मी ईट गावच्या गफारभाईंच्या भट्टीवरची खव्याची कढई आहे. सारा जन्म दूध आटवण्यात गेला. एवढं तरी मला बोलू द्या.

आमच्याकडं प्रत्येक घरचं दूध वेगळं आटवतात. गफारभाई खव्याची गोळी बोटांत चोळून हुंगतात आणि सांगतात, "ही म्हस सरकीवर हाय. ही माळाला चरती." सहसा चुकत नाहीत.

त्यांची लेक तहरीम पुण्यात दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा अभ्यास करते. सुट्टीत आली की भट्टीपाशी बसून बापाला समजावते.

"अब्बा, ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा थोडा उजेड त्याच्या हवेतून गाळून येतो. त्यावरनं हवेत काय आहे ते कळतं. ताऱ्यापासून लांब, गारठ्यात पाण्याचा बर्फ होतो. तिथं बर्फ गिळत वाढलेला ग्रह पुढं ताऱ्याजवळ सरकला, तरी त्याच्या हवेत ते पाणी सापडतं."

"म्हंजी खवा हुंगून चारा वळखायचा."

"आन् म्हस कुठल्या गावची तेबी!" ती हसली. तिला एका ग्रहाच्या हवेत तशी पाण्याची वाफ सापडली होती. त्यावर तिचा पहिला शोधनिबंध तयार होता. गफारभाईंनी ही बातमी अख्ख्या गावाला सांगितली.

त्याच सुमारास माझ्या बुडाला चीर गेली. गफारभाईंनी वेल्डिंग करून ठिगळ लावून आणलं. ठिगळाच्या कडेला दूध धरू लागलं. तिथली खरवड रात्रभर आंबायची आणि सकाळी पहिल्या घाण्यात, म्हणजे पहिल्यांदा आटवलेल्या दुधात, उतरायची. दुसरा घाणा स्वच्छ. मला सगळं कळत होतं. एवढं रुंद तोंड असून सांगता येत नव्हतं.

पहिला घाणा सुमनबाईंच्या दुधाचा असायचा. त्यांचं घर भट्टीच्या जवळ, म्हणून दूध आधी यायचं, एवढंच.

"दुधात खोट हाय, सुमनबाई," गफारभाई एका सकाळी चारचौघांत म्हणाले. "आंबूस वास मारतंय."

"माझी म्हस मला ठावं हाय, गफारभाऊ. तुमी येऊन बघा की."

"बघायचं काय त्यात? नाक हाय मला."

दूध बंद झालं. पंचशीलनगरातल्या, म्हणजे बौद्धवस्तीतल्या बाईचं दूध नाकारायला गावाला तेवढं निमित्त पुरलं. दुसऱ्या भट्ट्यांनीही घेतलं नाही. दुधाचे पैसे थांबल्यावर एकटी बाई चारा कुठून आणणार? सुमनबाईंनी म्हैस विकली.

मग पहिला घाणा त्यांच्यानंतर दूध आणणाऱ्या महांतप्पाच्या दुधाचा होऊ लागला. त्यालाही वास.

"आता ह्यानंबी पेंड बदलली का काय?" गफारभाई चिडले.

तहरीम तेव्हा घरीच होती. छापायला पाठवलेला तिचा निबंध परत आला होता. तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, ही वाफ ग्रहाची कशावरून? ताऱ्यावरच्या थंड डागांतही वाफ असते. ती ग्रहाच्या नावावर लागली नाही कशावरून?

ती माझ्यात वाकून बघत राहिली.

"अब्बा, आज दूध घालू नका. नुसतं पाणी उकळा."

"पाण्याचा खवा करती का?"

"उकळा तर."

पाणी उकळलं. गफारभाईंनी हुंगलं, तोच आंबूस वास. त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं.

त्यांनी सुमनबाईंना बोलावून घेतलं. "ताई, वास माझ्या कढईचा हुता."

सुमनबाईंनी ठिगळावरून बोट फिरवलं. "मला कशाला सांगताव? मला ठावंच हुतं. ज्यांच्यापुढं माझं नाव घेतलं, त्यास्नी सांगा."

"सांगतो. म्हस बी परत मिळती का बघू आपण."

"ती आता दुसऱ्याच्या दावणीला हाय," असं म्हणून त्या निघून गेल्या.

बापलेकीनं मला दोन्ही कड्यांना धरून उचललं आणि चौकात नेऊन पालथं घातलं. तेव्हापासून मी इथंच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला गफारभाई ठिगळ दाखवतात आणि चूक आपली होती म्हणून सांगतात. काहीजण ऐकतात, काहीजण पुढं जातात. तहरीमनं निबंधातलं आपलं अनुमान मागं घेतलं. ताऱ्याचे डाग वेगळे काढून ती पुन्हा मोजणार आहे. तिचा ग्रह अजून जागेवर आहे, पुन्हा बघता येईल. सुमनबाईंचा गोठा मात्र मला इथून दिसतो. रिकामा आहे.

बाबांनो, कुणाच्या दुधाला नाव ठेवण्याआधी कढईत एकदा नुसतं पाणी उकळून बघा.