थापीची रेघ

जस्तरावांना सगळी गल्ली ओळखायची ती दोन गोष्टींसाठी. त्यांनी जोडलेला नळ गळत नसे, आणि आपली चूक ते प्राण गेला तरी कबूल करत नसत. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप म्हणजे जन्माचा सोबती, असं सांगत फिरायचे, म्हणून हे नाव पडलं.

त्यामुळे त्यांच्या गवंडी दोस्ताच्या स्वयंपाकघरातली भिंत ओली झाली, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोस्त जाऊन वर्ष होत आलं होतं. गिलावा त्याचा, पाइप यांचा. भिंत फोडली की दोघांपैकी एकाचं नाव जाणार होतं.

"ह्यांचा गिलावा कधी फुगला नाही, भावजी," दोस्ताची बायको दारातूनच म्हणाली. "तुमचंच काय ते बघा."

जस्तरावांनी छिन्नी चालवली. ओल्या भिंतीतलं सिमेंट पाइपाच्या अंगाला लागलं की जस्त खातं, मग गंज लोखंडाला भिडतो. म्हणून पाइप भिंतीत गाडण्याआधी ते त्यावर डांबराची पट्टी गुंडाळत. इथेही गुंडाळली होती, अगदी शपथेवर सांगितलं असतं. गिलाव्याचा पोपडा निघाला आणि पाइप दिसला तो उघडा, पार चाळण झालेला. पट्टी फक्त मागच्या बाजूला शिल्लक होती. पुढची थापीच्या धारेने सरळ कापून काढलेली.

पट्टीवर गिलावा धरत नाही, म्हणून पठ्ठ्याने गुपचूप सोलून टाकली होती. जस्तरावांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. "लेका, एका शब्दाने विचारायचं तरी," ते पुटपुटले.

"काय निघालं?"

त्यांनी उरलेली पट्टी घाईघाईने ओढून मुठीत दाबली. "माझंच चुकलं, वहिनी. पट्टी लावायची राहिली."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. "तुमचं चुकलं असतं ना, तर आधी पाइपाला, मग पाण्याला, मग सरकारला शिव्या घातल्या असत्यात. मूठ उघडा बघू."

जस्तरावांनी मुकाट्याने मूठ उघडली. वहिनींनी पट्टीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"एवढी सरळ रेघ तुमच्या हातून व्हायची नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "घरात त्यांचं म्हणून आता फारसं काही उरलं नाही, भावजी. चूक तरी त्यांची त्यांच्याकडेच राहू द्या."