बारावा गोटा

मार्लीस हॉगनला कुणी चूक दाखवली की ती फणा काढायचीच. चाळीस वर्षं भट्टीत काच वितळवून काचेला जोडणारी बाई! डलूथ गावच्या वाचनालयात तिचं काचेचं शिल्प, ‘लाट’, नऊ वर्षं डौलात उभं होतं, गावाच्या मालकीची. तिची बाकीची कामं कुणाकुणाच्या फळीवर धूळ खात पडलेली. ही एकच सगळ्यांची. आता त्या लाटेला तडा गेला होता. नियम सरळ होता: दोष इमारतीचा असेल तर गाव दुरुस्ती करणार, घडवणारीचा असेल तर लाट संग्रहातून बाहेर.

“तो हीटर!” आल्या आल्या मार्लीस कडाडली. “काचेच्या बुडाशी हीटर लावतं का कुणी? तिथं कॉफीचा कप ठेवला असता तरी तडकला असता.”

“अहो, आधी बघा तरी,” रेनाटा म्हणाली. संग्रहाची देखभाल तिच्याकडे. पोर चांगली, लाट काढावी लागली तर हिलाच रडू फुटेल, असा चेहरा करून उभी होती.

मार्लीसनं पिशवीतून दोन काळसर फिल्म काढल्या. एक काचेमागे धरायला रेनाटाला दिली, दुसरी स्वतःच्या डोळ्यांपुढे धरली. काचेत ताण नसला की अशा दोन फिल्ममधून सगळं काळं दिसतं. आत ताण असला की तिथं उजेड फुटतो. हीटरच्या बाजूला मिट्ट काळोख. तड्याच्या दुसऱ्या टोकाला, तळाशी बसवलेल्या तपकिरी गोट्यांत, एका गोट्याभोवती मात्र पांढरंशुभ्र कडं.

“हे कसं शक्य आहे?” ती पुटपुटली. गोटे तिनं एकाच काचेतून कापले होते. अकरा. तिनं बोट ठेवून मोजले. बारा निघाले.

आणि मग तिला उमगलं. आर्विड! तिचा नवरा रोज सकाळी सरोवराच्या काठी जायचा, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले बाटल्यांचे तुकडे खिसे भरभरून आणायचा आणि भट्टीपाशी घुटमळायचा.

“अगं, एक घाल ना. कुणाला कळतंय?”

“काचेला कळतं. बाटलीची काच निवताना वेगळी आकसते. माझ्या कामात लुडबुड नको.”

“बरं बाई.”

बरं बाई म्हणाला, आणि ती हात धुवायला वळली तेवढ्यात तुकडा आत सारून मोकळा झाला! नंतर पाच वर्षं या लाटेसमोर बसून पेपर वाचायचा, गालातल्या गालात हसायचा. चार वर्षांपूर्वी गेला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

“मेल्या!” ती म्हणाली.

“काय झालं? तडा वाढलाय?” रेनाटा घाबरली.

“नाही गं.”

“मग हीटरच ना? तुम्ही सांगाल तसं लिहिते मी.”

हीटर लिहिलं असतं तर गावानं कारागीर बोलावला असता, त्यानं तडा थांबवायला आर्विडचा तो गोटाच कापून काढला असता. लाट राहिली असती, नावाची पाटीही राहिली असती. मार्लीसनं गोट्यावर अंगठा टेकवला.

“दोष माझा, असं लिही. परकी काच मिसळली म्हणावं.”

“तुम्ही? अहो, मग ही इथं राहायची नाही. तुम्हालाच घरी न्यावी लागेल.”

“नेते की,” मार्लीस डोळे पुसत म्हणाली. “घरी तरी कोण आहे दुसरं?”