डल्सीची झोप आणि माझं नवं माप

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, रिकामी आहे. बोल्ट उघडा आहे, हवं तर आत डोकावून बघा. मीसुद्धा दिवसातून चारदा बघते. माझ्यासारखीला स्वतःचाच भरवसा नसतो.

माझा जन्म लष्करासाठी झाला. थ्री-नॉट-थ्री म्हणतात ना, त्यातली मी. पण मी निघेपर्यंत युद्धच संपलं. तू युद्धात काय केलंस, असं कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटते. अंगाला ग्रीस फासून पेटीत झोपले होते! मग लिलावात क्लॅरी क्विल्टीनं मला घेतलं, पुढचं लाकूड कापून अंग हलकं केलं आणि ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात आपल्या मेंढ्यांच्या रानावर आणलं. तो वर्षातले सात महिने लोकर कातरायला उत्तरेकडे. त्यामुळे मी खरी त्याच्या बायकोची, मर्लची.

कोकरं जन्मायच्या दिवसांत कोल्हे येतात. गेल्या हिवाळ्यात मर्ल पोटुशी होती, तरी रोज संध्याकाळी व्हरांड्याच्या पायरीवर बसून मला झाडायची. तेव्हा माझा आवाज भारदस्त होता. धडाम! पाण्याची पत्र्याची टाकी घुमायची. पोटातलं बाळ हे सगळं ऐकत होतं. डल्सी जन्मली आणि कळलं, की ही पोर अंगाईला बिलकूल दाद देत नाही, धडाम झालं की मात्र मान टाकते.

"लोकांची मुलं गाण्यावर झोपतात, माझी गोळीबारावर," मर्ल म्हणायची. "माझंच काहीतरी चुकलंय."

या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, सार्जंट टियर्नी कागद घेऊन आला.

"बाई, हे लष्कराचं माप. घरात चालत नाही. महिनाअखेरीपर्यंत बदलून घ्या."

"म्हणजे बंदूक देऊन टाकू?"

"छे, बंदूक हीच. फक्त नळी बारीक करायची. मग ती शिकारीची होते."

"कोल्ह्याला फरक कळेल का हो?"

"कोल्ह्याचा काही अर्ज आलेला नाही," सार्जंट म्हणाला आणि चहाला बसला.

मर्लला महिनाअखेरीपर्यंत थांबवतं कुठलं! तिसऱ्याच दिवशी तिनं मला गावातल्या पर्सी गजनकडे नेलं. पर्सी सायकली दुरुस्त करतो आणि बंदुकाही. त्यानं मला शिकंज्यात आवळून नळी पिळून काढली. माझ्या वतीनं इतकी वर्षं बोलणारी ती नळी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात गेली आणि तिच्या जागी एक सडपातळ, अनोळखी नळी आली. काडतुसं जुन्याच घडणीची, पण तोंडं साच्यात दाबून चिमटलेली. मी विचार करत राहिले, की आता यात मी कुठे आहे? बोल्टमध्ये? दस्त्यात? पर्सीला विचारलं असतं, पण तो जेवायला गेला होता.

परत आल्यावर त्यानं नळीवर नवा आकडा ठोकला, म्हणजे जुनी काडतुसं कुणी भरायला जाऊ नये. तेव्हा माझ्या मनात आलं, की बाळंतपणात बाईचंही माप बदलतं, पण तिच्यावर कुणी आकडा ठोकत नाही. सगळे आपली जुनीच काडतुसं भरत राहतात.

त्या संध्याकाळी मर्लनं मला नव्या नळीनं पहिल्यांदा झाडलं. आवाज आला, चट्ट! वाळकी काटकी मोडावी तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत डल्सीनं क्षणभर वाट पाहिली आणि जे भोकाड पसरलं, ते तीन दिवस.

मर्लनं टाकीवर फावडं हाणलं. लोखंडी भांड्याचं झाकण फरशीवर टाकलं. डल्सी कौतुकानं बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. झोप न मिळाल्यामुळे मर्लला एकाचे दोन कोल्हे दिसू लागले आणि ती नेमकी दोघांच्या मधे गोळी घालायची. अकरा कोकरं गेली. ती मोजताना ती रडली, आणि रडताना कुणी ऐकत नाही ना, म्हणून टेलिफोनकडे बघत होती.

कारण आमच्या भागात नऊ घरांना टेलिफोनची एकच तार आहे. कुणाचीही घंटा वाजली की सगळे रिसीव्हर उचलतात. मोठ्यानं श्वास घ्यायचा नाही, एवढीच सभ्यता.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्या आयडा क्रोमबाईंचा फोन आला. "मर्ल, ती पोर अजून रडतेय? मला इथे सूप गिळवेना."

"तिला जुना आवाज हवाय, आयडाबाई. बंदुकीचा."

"एवढंच ना? रिसीव्हर तिच्या कानाशी धर."

तिकडे दार उघडल्याचा आवाज आला, मग खोकला, मग... धडाम! डल्सीनं मान टाकली. तारेवर सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. आणि मग एकेकाला आठवलं, की त्या नऊ घरांतलं एक सार्जंटचं आहे.

"आवाज कसला झाला?" सार्जंट म्हणाला.

"दार आपटलं," आयडाबाई म्हणाल्या.

"वारा नाहीये."

"जुनं दार आहे, सार्जंट. त्याला वाऱ्याची गरज लागत नाही."

मग सार्जंट म्हणाला, "महिनाअखेरीपर्यंत ते दार बदलून घ्या. पर्सीकडून."

मग अठरा दिवस रोज साडेपाचला आयडाबाईंचं दार आपटलं, आणि मागोमाग बाहेर कोल्ह्यांसाठी माझं चट्ट. आपलं बाळ दुसरीच्या आवाजावर झोपतंय, हे कोपऱ्यात उभं राहून ऐकणं सोपं नसतं. बोलून काय, चट्टच होणार.

तीस तारखेला ते दार पर्सीकडे गेलं. कोकरं जन्मायच्या हंगामाचे अजून पंधरा दिवस बाकी होते.

एक जुलै, साडेपाच. आत डल्सीचं सुरू झालेलं. कुंपणाशी कोल्हा, दोनशे पावलांवर. मर्लनं मला खांद्याला लावलं. एक कबूल करते, नव्या नळीनं मी पूर्वीसारखी लाथ मारत नाही. चट्ट! कोल्हा जागच्या जागी बसला.

आणि आतही एकदम शांत.

मर्लनं बोल्ट उघडला, मला खांबाला टेकवलं आणि धावली. मला खिडकीतून दिसत होतं. तिनं डल्सीच्या नाकाशी बोट धरलं. मग आपला गाल नेला. श्वास जाणवेना, की जाणवत होता आणि विश्वास बसेना, कोण जाणे. तिनं पोरीला गदगदा हलवलं.

डल्सीनं डोळे उघडले आणि घर डोक्यावर घेतलं.

मर्लनं टेलिफोनचा दांडा फिरवला. "झोपली होती हो! आपल्या बंदुकीवर! आणि मी... मी उठवली."

"अगं देवा," आयडाबाई म्हणाल्या. "तुझे हात बांधून ठेवायला हवेत."

"बाई," सार्जंटचा आवाज आला, "पुन्हा झाडा."

"कोल्हा मेला, सार्जंटसाहेब."

"मग बांधाच्या मातीत झाडा. कायद्याचं माप आहे ना? कायद्यानं झोपवा पोरीला."

रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवून मर्ल बाहेर आली आणि तिनं मला बांधावर झाडलं. चट्ट! आतलं रडणं दोन हुंदक्यांवर आलं, मग एकावर, मग तेही नाही.

या वेळी ती आत गेली नाही. पायरीवर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून. अजून बसलीय. मी शेजारी खांबाला टेकून आहे, रिकामी, नळी अजून कोमट. माझी एकच विनंती आहे. तारेवर जे कुणी ऐकत असाल, त्यांनी कृपा करून रिसीव्हर अगदी हळू ठेवा.