उजव्या रकान्यातली मुलं

डोळे मिटा पाहू. नको, उघडेच ठेवा, नाहीतर वाचणार कसे? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुम्ही वर्गात आहात, बाई आत येतात, तुम्ही उभे राहता. आणि मग तुम्हाला बसताच येत नाही.

कस्तुरीचं अगदी असंच झालं.

कस्तुरी नऊ वर्षांची. बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या तिच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरायचा. त्या रविवारी तिथे शिकवायला निवेदिता आली. निवेदिता अजून बाई झालेली नव्हती, व्हायची होती. हा तिचा शेवटचा सराव पाठ. तो तपासायला तिच्या कॉलेजातल्या प्रमोदिनीबाई मागच्या खुर्चीत वही उघडून बसल्या होत्या. पाठ फसला, तर निवेदिताला अख्खं वर्ष पुन्हा काढावं लागणार होतं.

म्हणून तिने तीन दिवस खपून पाठाचं टाचण लिहिलं होतं. टाचणाला दोन रकाने असतात. डावीकडे बाई काय करणार, उजवीकडे मुलं काय करणार. पोरं आपल्याला मान देतील की नाही, या धास्तीने तिने उजवा रकाना जरा जास्तच मन लावून भरला होता. पहिलीच ओळ होती, 'विद्यार्थी आदराने उभे राहतात.'

तिने टाचण टेबलावर ठेवलं आणि तेरा मुलं ताडकन उभी राहिली.

"बसा ना," निवेदिता म्हणाली.

कुणी बसलं नाही. 'बसतात' असं लिहायचं राहूनच गेलं होतं.

पुढची ओळ होती, 'विद्यार्थी माना डोलावतात.' तेरा माना डोलू लागल्या. खिडकीतलं कबुतरही मान डोलावत होतं, पण ते टाचणामुळे नसावं. मग निवेदिताने उंटाचा विनोद सांगितला. उजवीकडे लिहिलं होतं, 'विद्यार्थी तीन मिनिटे हसतात.' मुलं घड्याळ लावल्यासारखी तीन मिनिटं हसली. उशिरा आलेला ध्रुव तर विनोद न ऐकताच खो खो हसत दारातून आत शिरला.

"वा!" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "वीस वर्षांत असा वर्ग बघितला नाही. आदराचे दहापैकी दहा!"

निवेदिता फुलून गेली. तेवढ्यात तिचं लक्ष कस्तुरीकडे गेलं. तिने पाय एकावर एक घट्ट आवळले होते आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कस्तुरी, काय होतंय गं?"

"होय बाई, समजले," कस्तुरी म्हणाली. रकान्यात पुढे तेवढंच होतं.

"बाथरूमला जायचंय का?"

"होय बाई, समजले." आता ती एका पायावर नाचायला लागली.

निवेदिताने घाईघाईने पेन उचललं.

"अं हं!" मागून आवाज आला. "आयत्या वेळी टाचणात एक अक्षरही घालायचं नाही. नियम आहे."

निवेदिताने पेन खाली ठेवलं. कस्तुरीकडे पाहिलं. मग टाचणाच्या पानाचा उजवा रकाना वरपासून खालपर्यंत टर्रकन फाडला.

"अहो, काय करताय? मार्क त्याच बाजूला असतात!"

धपाधप सगळी मुलं खाली बसली आणि एकदम बोलायला लागली.

"बाई, त्या उंटाचं काय झालं?" ध्रुव ओरडला. "मी नव्हतो, परत सांगा!"

"हा फुकटचा हसला, बाई!" मल्हार म्हणाला.

कस्तुरी मात्र कुणालाही न विचारता दारातून सुसाट बाहेर पळाली.

"बघा, विचारलंसुद्धा नाही. हाच का तुमचा आदर?" प्रमोदिनीबाईंनी दहावर काट मारली आणि शून्य काढायला घेतलं.

शून्य अर्धं झालं होतं, तोच बाहेरून खर्र खर्र आवाज आला. कस्तुरी ओल्या हातांनी वॉचमनची लाल प्लास्टिकची खुर्ची ओढत आणत होती.

"अक्का," ती आपल्या कानडीमिश्रित मराठीत निवेदिताला म्हणाली, "तुम्हीही कधीच्या उभ्याच आहात. स्वल्प बसा की, थोडा वेळ."

आणि तिने ती खुर्ची आपल्या शेजारी ठेवली.