थेट घरी

आमच्या ह्यांच्या छोट्या विमानात ते मेलं जीपीएस बसलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. तीस वर्षं विमान चालवणारा माणूस, पण बटणं दिसली की चष्मा सापडत नाही. म्हणून रविवारी मला शेजारी बसवलं.

फ्लाइंग क्लबवरून उडालो, डोंगरापर्यंत गेलो. हे म्हणाले, "आता आपलं घर वरून दाखवतो. परवाच सेव्ह केलंय. यादीत 'घर' निवड आणि 'डायरेक्ट' दाब."

मी दाबलं. पडद्यावर गुलाबी रेघ उमटली. हे ऐटीत त्या रेघेवरून निघाले. दहा मिनिटांनी 'पोचलात' असं आलं. खाली क्लबचा हँगर होता आणि कॅन्टीनवाला हात हलवत होता.

"यंत्र बिघडलंय!" हे ओरडले.

मी पुस्तिका उघडून मोठ्याने वाचलं: सेव्ह करताना विमान जिथे उभं असेल, तीच जागा नोंदली जाते.

"बिघडलंय कसलं?" मी म्हणाले. "तुमचं घर कुठे आहे, हे मी तीस वर्षं सांगतेय. त्याला दोन दिवसांत कळलं."